चढावरची गाडी

वेगानें पळणारी मोटारसायकल आणि लांबच्या प्रवासाची मोटारसायकल या दोन निराळ्या जाती आहेत. पहिलीला चांगला रस्ता मिळाला म्हणजे झालें. दुसरीला रस्ता कसाहि असला तरी आपला माणूस संध्याकाळीं शाबूत मुक्कामीं पोंचवावयाचा असतो. आम्ही दुसरीचे पक्षपाती आहोंत. अशा गाडीची किंमत नुसत्या अश्वशक्तीवरून करूं नये. बसणाराचें किती लक्ष ती स्वतःकडे ओढून घेते आणि किती भोंवतालच्या मुलुखासाठीं मोकळें ठेवते, यावरून करावी, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याची तीस वर्षें गेलीं त्यानें यंत्रावर मतें द्यावीं काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु गाडी आमच्याच अंगणांत उभी आहे आणि तिची माहितीपुस्तिका आम्ही पुष्कळ कवितासंग्रहांपेक्षां अधिक मन लावून वाचली आहे.

ही गाडी म्हणजे रॉयल एन्फील्डची नवी ‘हिमालयन’. जुनी हिमालयन 2016 सालीं बाजारांत आली. नोव्हेंबर 2023 मध्यें कंपनीनें गोव्यांत भरणाऱ्या आपल्या वार्षिक मेळाव्यांत तिचें नवें रूप विक्रीस काढलें. नांव तेंच राहिलें, पुढचें मोठें एकवीस इंची चाक राहिलें. बाकी जवळजवळ सर्व नव्यानें घडविलें आहे. आमच्या कन्येनें ती आपल्या पगारांतून घेतली, म्हणून तिच्यावर आमचा अधिकार केवळ टीकाकाराचा आहे.

खरा फरक इंजिनांत आहे. जुन्या गाडीच्या सिलिंडरचा व्यास 78 मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव 86 मिलिमीटर होती. उंच व अरुंद अशा या रचनेंत दट्ट्या सावकाश चालतो, परंतु खालच्या फेऱ्यांतच चांगली ओढ देतो. चढावर गिअर न बदलतां बैलगाडीच्या शांतपणानें ती वर चढत असे. नव्या इंजिनाचा व्यास 84 आणि धांव 81.5 आहे. म्हणजे प्रमाण उलटें झालें! 411 घनसेंटिमीटरचें इंजिन 452 चें झालें, एवढ्यानें कांहीं साडेचोवीस अश्वशक्तीची चाळीस होत नाही. ती होते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत निर्धास्त जाण्याच्या या नव्या ठेवणीमुळें आणि दोनांऐवजीं चार झडपा असल्यामुळें. तीन हजार फेऱ्यांपाशींच नव्वद टक्के ओढ मिळते, असें कंपनी म्हणते. तरीहि जुन्या इंजिनाचा तो संथ ठेका आतां ऐकूं येत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे.

मग ही वाढीव शक्ति कशाला? महामार्गावर मोटारींशीं शर्यत लावण्यास, असें उथळ उत्तर पुष्कळ जण देतात. खरें उत्तर गाडीच्या नांवांत आहे. लडाखमधील खारदुंग ला ही खिंड 5,300 मीटरांहून उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याच्या जवळपास येतो, आणि इंजिन तर हवेवरच जगतें. कोंकणांत चोवीस अश्वशक्तीची असलेली गाडी तेथें बारा-चौदांची होते; त्यांत मागें दुसरा माणूस आणि दोन्ही अंगांस सामानाच्या पिशव्या. चाळीसांतून निम्मे गेले तरी हातांत वीस उरतात, हा हिशेब चैनीचा नव्हे.

थंड करण्याच्या योजनेचेंहि असेंच. जुन्या इंजिनाची उष्णता वारा आणि तेल हीं दोघें मिळून वाहून नेत. परंतु जेथें इंजिनाला सर्वांत कष्ट पडतात तेथेंच, म्हणजे पहिल्या गिअरांत दगडांवरून पायींच्या गतीनें चढतांना, वारा लागत नाहीं, आणि जो लागतो तो विरळ असतो. नव्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळविलें आहे व रेडिएटरला पंखा आहे. या कंपनीच्या गाडीवर असें इंजिन हें पहिलेंच. इतका सारा संसार वाढवूनहि गाडीचें वजन 199 किलोंवरून 196 वर आणलें, याबद्दल कारागिरांचें कौतुक करावयास हवें. त्यांनीं इंजिनालाच चौकटीचा भार उचलावयास लावलें. खालून झोळीसारखें धरणाऱ्या नळ्या त्यामुळें वगळतां आल्या.

टाकी पंधरांची सतरा लिटरची झाली, पांचाचे सहा गिअर झाले, मागचें चाकहि आतां पुढच्याप्रमाणें दोनशें मिलिमीटर वरखालीं होऊं शकतें. ज्यांची कंबर पन्नाशी उलटून गेली आहे त्यांनीं यांपैकीं शेवटची बाब विशेष ध्यानांत घ्यावी. बैठक मात्र 800 मिलिमीटरांवरून 825 वर चढली आहे, आणि तो एक इंच आम्हांस इंजिनाच्या सर्व सुधारणांपेक्षां आधीं जाणवला.

आतां जें गेलें त्याविषयीं. मूठ पिळली कीं पूर्वीं केबल ओढली जाई. आतां केवळ एक विद्युत्संदेश जातो. केबल तुटली तर गांवचा सायकल-दुरुस्तीवालाहि कांहींतरी जुळवून देई. संदेश कोठें अडला हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. आडरानांत हा फरक लहान नव्हे.

आणि ती गोल तबकडी! चार इंचांच्या त्या कांचेवर गतीबरोबर नकाशाहि उमटतो आणि पुढचें वळण आधींच दाखवितो. आमची हरकत येथेंच आहे. इंजिनानें आपल्याकडचें लक्ष सोडून दिलें, तें या कांचेनें परत मागून घेतलें. रस्ता विचारण्यासाठीं थांबणें हा आमच्या मतें भ्रमणाचा अर्धा भाग आहे. ज्यानें रस्ता सांगितला त्यानेंच चहा पाजला, पाऊस कोठवर आहे तें सांगितलें, क्वचित् आपल्या मुलाला पुण्यास कोणतें कॉलेज बरें हेंहि विचारून घेतलें!

हें सर्व आम्ही कन्येला ऐकविलें. साखळीला तेल देतां देतां ती म्हणाली, “बाबा, तुम्ही थांबलांत कीं लोक तुम्हांला रस्ता सांगतात. मी थांबलें कीं ते आधीं विचारतात, एकटीच कां? मग कुठें उतरणार, घरीं माहीत आहे का. दिवसा मी हंसून सांगतें. अंधार पडल्यावर मला तो नकाशाच बरा वाटतो.”

तिचें उत्तर आम्ही जसेंच्या तसें येथें नोंदवितों. आमची हरकत आम्हांपुरती कायम आहे. परंतु यंत्र कोणासाठीं घडविलें हा प्रश्न आंकड्यांच्या तक्त्यांत सांपडत नाहीं, आणि तबकडीचा विचार करतांना आम्ही प्रवासी म्हणून एकच माणूस डोळ्यांपुढें धरला होता, तो बहुधा पुरुष होता.

येत्या जूनमध्यें ती मनालीहून लाहौलकडे निघणार आहे. केलांगपर्यंत मागें बसून येण्याचें आमंत्रण आम्हांस मिळालें आहे. तिच्या आईनें आमच्या गुडघ्यांचा विषय काढून पाहिला. तथापि मागच्या बैठकीची उंची कोणत्याहि तक्त्यांत दिलेली नसल्यामुळें आम्ही होकार कळविला आहे.