नवीसारखी जुनी

एक्स-शोरूम 8 लाखांची पेट्रोल गाडी. महाराष्ट्रात तिच्यावर 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 88,000. वर विमा, फास्टॅग आणि कोटेशनच्या तळाशी घुसडलेलं अ‍ॅक्सेसरीजचं बिल. टॅक्स एकदाच भरायचा, तो पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेला. दुसऱ्याकडे गाडी टॅक्ससकट येते. पासिंग दुसऱ्या राज्याचं असेल तर मात्र इथला टॅक्स नव्याने भरा. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचं गणित तिथेच बिघडतं.



विम्याचं घसारा-कोष्टक: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, तीन वर्षं उलटली की 40, चार उलटली की निम्मी किंमत. बाजार हे पाळत नाही. खपाची छोटी गाडी चार वर्षांनी निम्म्यात कोणी देत नाही. ऐसपैस सेडान कोष्टकाच्याही खाली घसरते. माझं मत: जिच्यावर उड्या पडतात ती गाडी नवीच घ्यावी, जिला कोणी विचारत नाही ती जुनी. लोक नेमकं उलट करतात.



22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट 29 वरून 18 टक्क्यांवर. कालची 8 लाखांची गाडी सव्वासात-साडेसातच्या मधे कुठेतरी. नवी उतरली की जुनीलाही उतरावं लागतं, फक्त जुनीचा मालक ते मान्य करायला वेळ घेतो.



एजंटची भाषा: ‘सिंगल ओनर’, ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’, ‘डॉक्टरची गाडी’. इतके डॉक्टर गाड्या विकत असतील तर दवाखान्यात बसतं कोण? दहा वर्षांची गाडी आणि मीटरवर 38,000. अशा वेळी मीटर सोडून क्लचच्या पेडलचं रबर बघावं. ते गुळगुळीत असेल तर मीटर मागे फिरवलाय. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी मागावी. देतो-देतो म्हणत टाळलं, की उठावं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याआधी 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीतही पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते.



टीओ, म्हणजे गाडी नव्या मालकाच्या नावावर करणं. विकणारा 29-30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो, घेणारा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं: आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. म्हणजे घाई विकणाऱ्याला हवी. शिवाय नो क्लेम बोनस माणसाचा, गाडीचा नव्हे. तो विकणाऱ्याबरोबर जातो, आपला विमा शून्यापासून.



शोरूममधलं हमखास वाक्य: ‘सर, त्याच हप्त्यात नवी बसते की!’ बसते. जुनीसाठी 5 लाख, 13 टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण 11,400. नवीसाठी 7 लाख, 9 टक्के, सात वर्षं: 11,300. जुन्या गाडीला व्याजदर चढाच असतो, त्यामुळे हा मेळ जमवणं सोपं. एकूण फेड पहिल्यात 6.83 लाख, दुसऱ्यात 9.46. सेल्समनच्या कॅल्क्युलेटरवर फक्त हप्ता दिसतो.