स्वास्थ्याची स्पर्धा

स्वास्थ्य हा शब्द जुना आणि मोठा समजूतदार आहे. जो आपल्या ठायीं स्थिर तो स्वस्थ, अशी त्याची फोड. आपल्या बोलीनें त्याला आणखी एक घरगुती अर्थ दिला. 'जरा स्वस्थ बस' असें आपण मुलाला सांगतों, तेव्हां त्यानें कांहींही करूं नये एवढेंच आपणांस अभिप्रेत असतें. अशा या शांत शब्दाची तरुणांत स्पर्धा लावावी, तिला मुदत, गुणपत्रक आणि बक्षीस जोडावें, आणि बिचाऱ्या स्पर्धकांनीं तिच्यापायीं रात्रीच्या रात्री जागून काढाव्या, यांतला विनोद कोणाच्या लक्षांत येत नाहीं, हें नवल आहे.

तरी अशाच एका स्पर्धेचें परीक्षकपण मीं आनंदानें पत्करलें. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील विद्यार्थ्यांनीं आरोग्य आणि दूरशिक्षण यांविषयीं नव्या कल्पना मांडाव्या, असा तिचा विषय होता. या मुलखास असले मेळावे अनोळखी नाहींत. रामन यांच्या 1928 सालच्या शोधाची आठवण म्हणून 28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञानदिन पाळतात; त्या सुमारास खोडद येथें, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या रेडिओ-दुर्बिणीच्या मुख्य ठाण्यावर, आसपासच्या शाळांतलीं मुलें आपलीं उपकरणें मांडून बसतात. शेतकऱ्याच्या मुलानें आकाशाकडे केवळ पावसासाठीं पाहूं नये, ही शिकवण येथें चांगली मुरली आहे.

आलेल्या कल्पना हुशारीच्या होत्या, यांत संशय नाहीं. एकानें मनगटावर बांधावयाचा नाडीमापक केला होता. मन उदास झालें कीं तो आपण होऊन सूचना देई. दुसऱ्यानें घरबसल्या प्रयोगशाळेचा भास घडविणारा चष्मा आणला होता. तिसऱ्याचें यंत्र विद्यार्थ्याच्या प्रश्नांस रात्रीं-अपरात्रीं न कंटाळतां उत्तरें देई. इतकी सहनशीलता आम्हां शिक्षकांत विरळाच. परंतु ऐकतां ऐकतां एक गोष्ट मनांत सलूं लागली. या प्रत्येक चित्रांत एकच मुलगा, एकच खोली आणि एकच पडदा होता. खोलीच्या दाराबाहेरही कोणी आहे, हें कोणाला सुचलेलें दिसलें नाहीं.

तें सुचलें पिंपरी पेंढारच्या एका मुलीला. ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान हें गांव आहे. गांवठाण एकीकडे, आणि कितीतरी घरें मळ्यामळ्यांवर पांगलेलीं. मध्यें उभा ऊंस, आणि उसांत बिबट्या. 2024 सालीं याच गांवच्या शिवारांत बिबट्याच्या हल्ल्यांत स्त्रिया बळी पडल्या. तेव्हां शाळा किती दूर, हें तेथें मैलांत मोजून भागत नाहीं. मुलीजवळ यंत्र नव्हतें. एका कागदावर काढलेला मळ्यांचा नकाशा होता. 2020 सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां घरांत मोबाईल एकच, आणि तोही वडिलांबरोबर बाजारांत, हा अनुभव तिनें घेतला होता. चार मळ्यांमिळून एक घर, एक मोबाईल, अभ्यास करवून घेणारी एक मोठी मुलगी, आणि दिवेलागणीपूर्वीं पोरांना ज्याच्या त्याच्या दारापर्यंत पोंचविणारीं दोन मोठीं माणसें, एवढीच तिची योजना. यांत आरोग्य कोठें आलें, असें मीं विचारतांच ती म्हणाली, "सर, एकटं असलं की भ्या वाटतं. चौघंजण असलो की नाही वाटत."

माझे एक सहपरीक्षक हळूच म्हणाले, "योजना गोड आहे हो, पण यांत नवें काय?" प्रश्न रास्त होता. नवें यांत कांहींच नाहीं. 1956 सालीं पुण्याच्या आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें, पुणें जिल्हा धरून पांच जिल्ह्यांतील खेड्यांसाठीं वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. सुमारें 150 गांवांत वीसेक मंडळी रेडिओभोवतीं जमत, ऐकत, आणि मग त्यावर आपसांत वाद घालीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गांवीं रेडिओ होता पण श्रोतृमंडळ नव्हतें, तेथें लोकांच्या ज्ञानांत पडलेली भर नांवापुरती निघाली. जेथें मंडळ होतें, तेथें ती डोळ्यांत भरण्याजोगी होती. आवाज तोच, यंत्र तेंच. अंतर पडलें तें शेजारीं बसलेल्या माणसांमुळें.

पिंपरी पेंढारहून जवळच, ओतूरला, बाबाजी चैतन्यांची समाधि आहे. त्यांनीं स्वप्नांत येऊन तुकोबांना उपदेश केला, अशी आपली श्रद्धा आहे. गुरु समोर नसतां विद्या लाभल्याचा याहून थोर दाखला मला ठाऊक नाहीं. परंतु तुकोबांचा अधिकार लाखांत एखाद्याचा! बाकीच्या आपणां सर्वांना गुरु दूर असला तरी एक वेळ चालतें. सोबती दूर असून चालत नाहीं.

आमच्या गुणपत्रकांत नावीन्याला सर्वांत अधिक गुण होते, आणि सोबतीला रकानाच नव्हता. बक्षीस नाडीमापकाला गेलें. तो मुलगाही गुणी होता. त्याचें मला वाईट वाटत नाहीं. वाईट वाटतें तें एवढ्याचेंच कीं, आपल्या योजनेंत काय उणें पडलें असें त्या मुलीनें विचारलें असतें, तर आम्हां परीक्षकांपैकीं कोणालाही धड उत्तर देतां आलें नसतें. म्हणून स्पर्धेच्या चालकांस मीं एक पत्र लिहिलें आहे. पुढील वर्षीं गुणपत्रकांत आणखी एक रकाना घालावा: 'ही कल्पना वापरणाऱ्यास दुसऱ्या कोणाच्या घरीं जावें लागतें काय?' ज्याचें उत्तर होय, त्यास पूर्ण गुण. पत्राबरोबर, त्या मुलीची संमति घेऊन, तिच्या नकाशाची एक प्रतही जोडली आहे.