प्रवेशपत्रातली अट

महाराष्ट्रात बारावीचा निकाल आधी लागतो, मग प्रवेशाची धावाधाव. अमेरिकेत क्रम उलटा. हायस्कूलचं शेवटचं वर्ष संपायच्या आतच कॉलेजचा होकार येतो, घरात पेढे वाटून होतात, आणि वर्षअखेरचे मार्क शाळा त्यानंतर, उन्हाळ्यात कॉलेजला कळवते. होकाराच्या पत्रात म्हणूनच एक अट असते: वर्ष आतापर्यंतच्याच दर्जानं पूर्ण केलंत, तर हा प्रवेश कायम.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीचा अख्खा एप्रिल या अटीनं खाल्ला. कॅल्क्युलसमध्ये तिला पहिल्यांदाच सी दिसायला लागला होता. शाळेचं ग्रेडचं पोर्टल ती जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवायची. सरांनी एखाद्या क्विझचे मार्क चढवले, ७४.६चे ७५.१ झाले, की मगच घास घशाखाली उतरायचा. "मावशी, एका सीवरून काढून घेतात का गं?" तिनं मला विचारलं. आईबाबांना विचारायची तिची छाती होत नव्हती. त्यांनी डिपॉझिट भरलं होतं, पुण्याला आजीला फोनही झाला होता.

एका सीवरून सहसा काही होत नाही. कॉलेजं बघतात ती मोठी घसरण: ए-बीच्या जागी डी नि एफ, किंवा न कळवता सोडून दिलेला विषय. तेव्हाही बरीच कॉलेजं आधी कारण विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अटींत तर साधारणपणे आकडाच असतो: शेवटच्या वर्षी सरासरी ३.०, आणि कुठल्याही विषयात सीच्या खाली नाही. कडक आहे, पण निदान मुलाला आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

तरी भीती अगदीच निराधार नाही. २०१७च्या उन्हाळ्यात याच विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या शाखेनं सुमारे ५०० मुलांचे प्रवेश काढून घेतले. त्या वर्षी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मुलांनी होकार कळवला होता. काहींचे मार्क घसरले होते हे खरं, पण निम्म्याहून जास्त जण अडकले ते ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे शाळेच्या गुणपत्रिकेच्या, कागदांपायी. ओरड झाली, चान्सलर हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागितली, कागदांसाठी अडवलेल्यांना परत घेतलं. मार्क घसरलेल्यांना अपील करावं लागलं.

मला राग येतो तो तारखांचा. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत एक कॉलेज निवडायचं असतं आणि बाकीच्यांना नकार कळवायचा असतो. जुलैत एक दार बंद झालं, तर बाकीची दारं तोवर मुलानंच आपल्या हातानं लावून घेतलेली असतात. एवढी किंमत ज्या अटीची, ती इतकी मोघम का लिहायची? जो पोरगा फेब्रुवारीपासून वर्गातच जात नाही, तो ते पत्र पुन्हा उघडत नाही. शब्दन्‌शब्द वाचून झोप घालवतात ती माझ्या भाचीसारखी मुलं, ज्यांच्यासाठी ती अट लिहिलेलीच नाही. आणि आम्ही मोठी माणसं, एकदा पेपर दिला की सुटलो अशा बारावीतून आलेली, त्यांना सांगतो, "अगं, आता ॲडमिशन झाली ना, मग कसली काळजी?"

ताईला अखेर मीच सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती उठून लेकीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शाळेतल्या कौन्सेलरबाईंचा सल्ला सरळ होता: ग्रेड पोचण्याआधी तूच कळव. भाचीनं चार ओळींचा ईमेल केला. गणित जड जातंय, शाळा सुटल्यावर सरांकडे बसते आहे, विषय सोडलेला नाही. सबब एकही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, विषय पूर्ण कर, सी आला तरी प्रवेशाला धक्का नाही.

हेच वाक्य त्यांना मार्चमधल्या पत्रात लिहिता आलं असतं.