न चिकटणारे दाणे

आज ४ ऑक्टोबर. २०२२ साली याच दिवशी सकाळी गढवालातल्या 'द्रौपदी का डांडा-२' या शिखराजवळ हिमस्खलन झालं. उत्तरकाशीहून प्रशिक्षणासाठी गेलेल्या तुकडीतले २९ जण परतले नाहीत. त्यांत सविता कंसवालही होती, प्रशिक्षक म्हणून गेलेली. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं १६ दिवसांत सर केली होती. तारीख आली की मला तीच आठवते.

हिमस्खलनाचा धोका तपासायला मी बर्फात पहिल्यांदा खड्डा खणला, ती सकाळ अजून हातात आहे. वरचा थर वाऱ्याने दाबून घट्ट झालेला, पाय ठेवला तरी खचेना. तळाशी मात्र जाडसर साखरेसारखे दाणे. मूठ वळली, तर सगळे बोटांतून ओघळून गेले. हिमाचा थर पातळ असला आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या, की जमिनीलगतच्या उबेतली वाफ वर चढते आणि हे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांच्यावर सगळा उतार तोललेला! तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातकी, आणि चढायला मोह पडतो तोही त्यांचाच. कधी पायाखाली 'धप्प' आवाज येतो. आतला थर बसलेला असतो. तिथून मागे फिरायचं, शिखर कितीही जवळ दिसो.

गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची आशा पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. म्हणजे सोबत्यांनीच खणायचं. माझं फावडं आज पुन्हा काढून पुसून ठेवलं.