पद्मिनी, १९ पासिंग

मोटारगाड्यांच्या आरेखनात ‘रेट्रो’ ही संज्ञा अशा गाडीसाठी वापरली जाते, जिचा बाह्याकार एखाद्या जुन्या काळाची आठवण करून देतो, परंतु पत्र्याखालची यंत्रणा मात्र आजची असते. जपानमध्ये निसान कंपनीने १९९१ साली आणलेली फिगारो ही या प्रकारातली अतिशय देखणी गाडी मानली जाते. साध्यासुध्या मायक्रा गाडीच्या सांगाड्यावर पन्नाशीच्या दशकातला चेहरा चढवून आणि चार ऋतूंसाठी चार फिके रंग योजून सुमारे २०,००० गाड्या तयार करण्यात आल्या, आणि मागणी इतकी झाली की ग्राहक सोडत काढून निवडावे लागले. त्यानंतर फोक्सवॅगनची न्यू बीटल, बीएमडब्ल्यूची मिनी आणि २००७ साली, मूळ छोट्या फियाटच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, इटलीत अवतरलेली फियाट ५०० या गाड्यांनी हा प्रकार जगभर रूढ केला. यांपैकी फियाट ५०० भारतात २००८ साली आणि न्यू बीटल २००९ साली विक्रीस आली खरी, पण आयात शुल्कासह त्यांची किंमत मोठ्या आलिशान गाडीएवढी होत असल्यामुळे जळगाव-धुळ्यातल्या सामान्य गिऱ्हाइकाशी त्यांचा संबंध छायाचित्रापुरताच राहिला. जुन्या रूपाची, आटोपशीर आकाराची आणि वापरून झालेली गाडी घ्यावी असे ज्याला खानदेशात वाटते, त्याच्यासमोर आजही प्रामुख्याने एकच नाव येते, आणि ते म्हणजे फियाट, अर्थात प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनीचे जुनेपण कोणी ठरवून घडवलेले नाही, आणि इथेच तिचे फिगारोपासूनचे वेगळेपण सुरू होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाटच्या गाड्यांची आधी जुळणी आणि मग टप्प्याटप्प्याने निर्मिती होऊ लागली. १९६४ च्या सुमारास आलेले फियाट ११०० डी हे प्रारूप १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रीमियर प्रेसिडेंट या नावाने आणि लवकरच प्रीमियर पद्मिनी या नावाने विकले जाऊ लागले. इटलीत ११०० ची मालिका १९६९ सालीच संपली आणि तिची जागा पूर्णपणे नव्या घडणीच्या १२८ ने घेतली, पण कुर्ल्यात तोच गोलसर माथा, तेच मागे निमुळते होत गेलेले पंख आणि तेच १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन जवळजवळ शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. याचे कारण रसिकता हे खचितच नव्हते. परवाना पद्धतीत, म्हणजे कोणी काय आणि किती बनवायचे हे सरकारने ठरवण्याच्या व्यवस्थेत, नवे साचे आणायला परकीय चलन मिळत नसे, बाहेरची गाडी देशात येत नसे आणि जे बनेल ते विकले जाईलच याची खात्री असे. मग आकार बदलण्याची निकड कोणाला वाटणार? निसानच्या आरेखनकारांनी जे भूतकाळाचे रूप मेहनतीने उभे केले, ते कुर्ल्यात सरकारी धोरणाच्या कृपेने आपोआप टिकून राहिले, आणि ज्या गाडीपासून सुटका व्हावी म्हणून एक पिढी १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुतीकडे धावली, तिचेच आता कौतुक होऊ लागले.

आटोपशीरपणाच्या बाबतीतही असाच एक गमतीचा योग आहे. केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हा लहान गाडी म्हणजे ४ मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरच्या आत असलेली गाडी, अशी व्याख्या केली, आणि नंतरच्या अनेक गाड्यांची मागची बाजू या व्याख्येत बसावी म्हणून कापल्यासारखी आखूड झाली. सुमारे ३.९ मीटर लांबीची पद्मिनी या मापात डिकीसकट आरामात बसते; फक्त ही व्याख्या आली तेव्हा तिचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली होती.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि त्यांची मुख्य ठिकाणे अनुक्रमे जळगाव आणि धुळे ही झाली. गाड्यांच्या जगात मात्र हे विभाजन आकड्यांत बोलले जाते. १९८९ पासून लागू झालेल्या नोंदणी पद्धतीत धुळ्याला १८ आणि जळगावला १९ हे क्रमांक मिळाले, आणि ‘गाडी कोणत्या पासिंगची?’ हा जुन्या गाडीच्या सौद्यातला पहिला प्रश्न ठरला. पासिंग म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालयात झालेली नोंदणी, पण व्यवहारात त्या शब्दात गाडीचा सगळा पूर्वेतिहास येतो. १९ पासिंगची आणि एकाच घरात राहिलेली पद्मिनी, मग ती एखाद्या डॉक्टरची असो, जिनिंगवाल्याची असो की यावल-रावेरकडच्या केळी बागायतदाराची, ही मुंबईहून आलेल्या पद्मिनीपेक्षा बरी समजली जाते, आणि यात केवळ स्थानिक अभिमान नाही. समुद्रावरच्या दमट खाऱ्या हवेने पत्रा आतून सडतो, विशेषतः दरवाजांखालची पट्टी, पायाखालची तळपाटी आणि चाकांवरच्या कमानी. खानदेशच्या कोरड्या हवेत हा रोग सावकाश पसरतो.

सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्याऐवजी पुष्कळदा त्यावर लांबी भरली जाते, म्हणजे रंगाखाली घट्ट होणारा लेप देऊन खड्डा बुजवला जातो, आणि वरून रंग मारला की भोळे गिऱ्हाईक चकाकीवर भाळते. जाणता मनुष्य अशा वेळी खिशातून लहानसे लोहचुंबक काढतो, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्याला रुमालात गुंडाळतो आणि चाकाच्या कमानीवरून हळूहळू फिरवतो. जिथे पत्रा आहे तिथे चुंबक ओढ घेते आणि जिथे लांबी जाड आहे तिथे ते निमूट घसरून हातात येते. विकणारा हे सारे पाहत असतो, पण त्याबद्दल दोघांपैकी कोणीही काही बोलत नाही. बोलणे होते ते किमतीच्या वेळी. त्या बोलण्यात नाना, आबा, बापू, आप्पा ही खानदेशी संबोधने वयाचा हिशेब न करता सढळ हाताने वाटली जातात, आणि धुळ्याकडचा मालक असला तर गाडीचा दोषही अहिराणीत मायेने सांगितला जातो : ‘गाडी चांगली शे आबा, फक्त उन्हायामा जरा तपस.’

हे ‘जरा तपणे’ नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण खानदेशात पद्मिनी बाळगण्याचा अर्धा अर्थ त्यात सामावलेला आहे. मे महिन्यात जळगाव आणि भुसावळ येथे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनालाच जोडलेला असून इंजिनाच्याच गतीने चालतो, आणि त्यामुळे इंजिनाची धग त्याला थेट लागते. अशा उष्णतेत पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफच ढकलू लागतो, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे पात्र, कोरडा पडतो, आणि टाकी भरलेली असतानाही गाडी आचके देत थांबते. याला इंग्रजी पुस्तकांतून व्हेपर लॉक म्हणतात. गॅरेजात ‘पंपाने हवा धरली’ एवढ्यावर भागते. उपाय बॉनेटखालीच असतो. एक जुने सुती फडके पाण्यात भिजवून, अर्धवट पिळून, पंपाभोवती गुंडाळायचे, काही मिनिटे थांबायचे, आणि मग चोक न ओढता सेल मारायचा. पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. माठाच्या ओल्या फडक्यामागचे तत्त्व हेच आहे, त्यामुळे खानदेशातल्या कोणत्याही घरात ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जळगावहून धुळ्याला जाणारा रस्ता हा या गाडीची खरी परीक्षा घेणारा होता. गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी, पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा हा सुमारे ९० किलोमीटरचा पट्टा सुरत-नागपूर महामार्गाचा भाग असून तो धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गाशी येऊन मिळतो. दुपदरी रस्ता असताना मालट्रकच्या मागे रखडत जाणे आणि मोकळी जागा मिळताच पुढे काढणे हाच प्रवासाचा क्रम असे. पद्मिनीचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबालाच, चालकाच्या डाव्या हाताशी असतो, आणि चौथ्यातून तिसऱ्यात येताना त्याला ओढण्यापेक्षा वळवण्याची सवय लागते. त्या रचनेमुळे पुढची बैठक सलग बाकासारखी ठेवता आली, आणि सलग बैठकीवर दोन माणसांऐवजी तिघे, लहान मूल असले तर चौघेही बसत. सुरक्षिततेच्या आजच्या कसोटीवर हे समर्थनीय नाही. पण लग्नसराईत या जिल्ह्यांमधून फिरलेल्या पद्मिनींची खरी क्षमता कागदावरच्या आसनसंख्येशी कधीच जुळत नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. आता फागणे ते तरसोद हा टप्पा चौपदरी झाल्यावर ज्या गतीने नव्या गाड्या जातात, त्या गतीत साधारण चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाने डाव्या बाजूने शांतपणे जावे हेच त्याच्या वयाला शोभते.

नव्या रेट्रो गाडीच्या मालकाला रूप मिळते आणि त्या रूपाबरोबर येणारी दगदग कंपनी काढून घेते. पद्मिनीचा मालक मात्र रूप आणि दगदग दोन्ही एकाच सौद्यात घेतो. या दगदगीचे स्वरूप पाहता ती एकट्याने करण्याची गोष्ट नव्हे, हे लगेच लक्षात येते. आजच्या गाडीतला बिघाड संगणकाला जोडून वाचता येतो, तर पद्मिनीचा बिघाड कानाने ऐकावा लागतो. जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या बाजूला किंवा धुळ्यात आग्रा रोडच्या आसपास पॉइंट घासणारा मिस्त्री अजून सापडतो. पॉइंट म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या विद्युतप्रवाहाची उघडझाप करणारी धातूची जोडी. तिच्या दोन टोकांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवावे लागते, ते कमी-जास्त झाले की गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून ठोका चुकवते. मिस्त्री पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा दुमडून त्या दोन टोकांमध्ये सरकवतो, दोनतीनदा ओढतो, काजळी फुंकतो, अंतर साधतो आणि स्क्रू आवळण्याआधी पोऱ्याला सेल मारायला सांगून स्वतः आवाजाकडे लक्ष देतो. ही विद्या हाताखाली राहूनच मिळते, आणि आज हाताखाली येणाऱ्या मुलाला पद्मिनी शिकून पोट भरेल असे वाटण्याचे कारण उरलेले नाही. गाडीपेक्षा तिचा मिस्त्री आधी दुर्मीळ होणार, हे खरेदी करणाऱ्याने किंमत ठरवतानाच जमेस धरलेले बरे.

सुट्या भागांचा माग मात्र अजून लागतो. दरवाजाचे रबर, दिव्यांच्या काचा, क्लचप्लेट असे काही नग नव्याने बनवलेले मिळतात. मूळ नगांसाठी मुंबईकडे निरोप धाडावा लागतो, आणि तिथेही पुन्हा कुर्लाच येतो, कारण जिथे गाडी घडली त्याच उपनगरात जुन्या गाड्यांच्या भंगाराचा आणि सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी नावाची वसाहत उभी आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून पद्मिनीचे मृत्युलेख लिहिले गेले. ते मुंबईपुरते खरे होते. खासगी गाडीला महाराष्ट्रात अशी सरसकट वयोमर्यादा नाही. तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, एवढेच.

हे ‘एवढेच’ अलीकडे महागले आहे. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये झाले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधल्या चकत्या लवकर फुगतात व चिरतात, त्यामुळे त्या बदलून इथेनॉलला दाद न देणाऱ्या बसवून घेणे शहाणपणाचे ठरते. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’, म्हणजे जतनयोग्य पुरातन गाडी, असा दर्जा देऊन त्यांच्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकपट्टी ठेवली आहे, आणि सुरुवातीच्या काळातल्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्या आहेत. मात्र असा दर्जा घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून नियमितपणे शेतावर किंवा बाजाराला जाता येत नाही. ज्याला पद्मिनी चालवायची आहे त्याला हा मान परवडणारा नाही, आणि १९ पासिंगच्या पद्मिनीपुढे तर हा प्रश्न आज उभाच राहत नाही, कारण ती मालिकाच १९८९ ची असल्यामुळे तिच्यातली सर्वांत पहिली गाडीही २०३९ पूर्वी पन्नाशी गाठणार नाही. तोवर हँडब्रेक चढावर धरतो की नाही, मागचे दोन्ही लाल दिवे एकदम लागतात की नाही आणि हॉर्न पहिल्या दाबाला वाजतो की नाही, हे पासिंगच्या आदल्या दिवशी मिस्त्रीकडून पाहून घ्यावे लागते.