मागच्या ब्रेकसाठी कोणती हत्यारे घ्यावीत?

आमच्या घरातली मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. ती १०० सीसीची गाडी म्हणजे धाकट्या मुलाची रोजीरोटी आहे. तो घरोघरी पार्सले पोहोचवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा त्याचा फेरा दिवसाला ७०-८० किलोमीटरचा होतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. आणि गाडी चालू असून ब्रेक धड नसेल तर काय होते, हे कोणत्याही आईला वेगळे सांगायला नको.

एवढ्या फिरतीमुळे मागच्या ब्रेकचे लायनर आम्हाला सात-आठ महिन्यांनी बदलावे लागतात. पूर्वी हे काम गॅरेजात होई. मजुरी २०० रुपये, लायनरचे पैसे वेगळे आणि नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस बाकड्यावर. तरीही आम्ही कुरकुर केली नव्हती. पण एकदा गाडी धुताना मुलाच्या लक्षात आले की, ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडच्या नटाला पिनच नाही आणि नट अर्धा सुटलेला आहे. लायनर बदलणाऱ्याने घाईत पिन घातली नव्हती. तो रॉड रस्त्यात निघाला असता तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरली असती आणि चाक जाम झाले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी मी म्हटले, "हे काम आता घरी शिकायचे." भाऊजी ताडकन म्हणाले, "वहिनी, पंखा दुरुस्त करा, मिक्सर खोला, पण ब्रेकला घरी हात लावू नका." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ब्रेक हा जिवाचा मामला आहे. पण मी १९ वर्षे कारखान्यात जुळणी विभागात काढली आहेत. पाना कसा धरायचा, हे मला सांडशीइतके माहीत आहे. शेवटी असे ठरले की, हत्यारे नीट असतील तरच कामाला हात लावायचा. हातात मिळेल त्याने काम भागवायचे नाही. भिशीचे पैसे आले होते, त्यातले थोडे मी बाजूला काढले.

हत्यारे निवडण्याआधी काम समजून घ्यावे लागते. आपल्या साध्या गाड्यांचा मागचा ब्रेक ड्रमचा असतो. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉडमुळे बाहेरचा आर्म फिरतो, आर्मबरोबर आतला कॅम फिरतो आणि तो दोन्ही शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबतो. पाय काढला की स्प्रिंग शूंना मागे ओढतात. म्हणजे काम तीन प्रकारचे आहे : चाक काढणे, शू बदलणे आणि पेडलची ढील जुळवणे. या तिन्हींना लागणारी हत्यारे मोजकीच आहेत.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे चाकाच्या ॲक्सलच्या नटाला बसणारा रिंग पाना. रिंग पाना नटाचे सहाही कोपरे धरतो. फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि घट्ट नटावर घसरतो. कमी-जास्त होणारा स्क्रू पाना तर अशा कामाला नकोच. त्याचा जबडा जोर लागला की किंचित उघडतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. एकदा नट गोल झाला की मग छिन्नी-हातोडी आली. माप अंदाजाने घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत पाहावे किंवा पट्टीने नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजावे.

पान्याची लांबीही पाहावी. समजा, पुस्तिकेत नट ५० न्यूटन-मीटरने आवळा असे लिहिले आहे. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला त्यासाठी साधारण २० किलोचा जोर लागेल. १२ सेंटिमीटरच्या पान्याला तोच जोर ४० किलोच्या वर जाईल. म्हणून गाडीबरोबर मिळणाऱ्या पत्र्याच्या आखूड पान्याने नट पुरेसा आवळला जात नाही. उलट पान्याला लांब पाइप लावून आवळले तर आटे तुटतात. किती जोर दिला हे दाखवणारा टॉर्क रेंच सर्वांत उत्तम, पण तो महाग असतो. आमच्या चाळीतल्या पाच गाड्यांत मिळून एक घ्यावा, असे आता ठरते आहे.

दुसरे हत्यार म्हणजे ॲक्सलचे दुसरे टोक धरायला आणखी एक पाना. एका बाजूने नट फिरवताना दुसऱ्या बाजूने ॲक्सल फिरू लागतो, हे पुष्कळांच्या ऐनवेळी लक्षात येते. तिसरे, टॉर्क रॉड आणि चेनचे ॲडजस्टर यांच्या नटांना बसणारे लहान रिंग पाने. सहा-आठ पान्यांच्या सेटमध्ये ते येऊन जातात. चौथे, पिन सरळ करून ओढायला एक चांगली पक्कड. आणि पक्कडीबरोबर नव्या स्प्लिट पिनांची पुडी. जुनी पिन पुन्हा वाकवली की मोडते. पुडीला १०-२० रुपये पडतात आणि आमची झोप उडाली होती ती एवढ्याशाच वस्तूपायी.

आता काय घेऊ नये ते सांगते. शूच्या स्प्रिंग काढायला दुकानदार एखादी खास पक्कड दाखवील. मोटारींच्या ब्रेकला ती लागते, मोटारसायकलला लागत नाही. दोन्ही शू हाताने पुस्तकासारखे मिटत आणले की स्प्रिंग आपोआप सैल पडते. बसवतानाही तसेच : नव्या शूंना स्प्रिंग आधी लावायच्या, शू अर्धवट मिटलेले धरून कॅमवर आणि समोरच्या खुंटीवर टेकवायचे आणि दोन्ही तळव्यांनी खाली दाबायचे. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नये. तो सटकला तर एक तर लायनरला चीर पडते, नाही तर हाताला.

हत्यारांत न मोजल्या जाणाऱ्या पण तितक्याच गरजेच्या वस्तू म्हणजे स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, उष्णता सोसणारे थोडे ग्रीस, जुने सुती कापड, साबणाचे पाणी आणि जुने वर्तमानपत्र. पट्टीने लायनरची जाडी मोजता येते. पुष्कळ गाड्यांत ती २ मिलिमीटरवर आली की शू बदलावे लागतात. पॉलिश पेपर कॅमवरचा गंज काढायला. ग्रीस कॅमला आणि खुंटीला नखाएवढेच लावायचे. लायनरला किंवा ड्रमला ते लागले तर ब्रेक लागणारच नाही. वर्तमानपत्रावर एकेक भाग काढला त्याच क्रमाने मांडून ठेवला की, बसवताना वॉशर किंवा बुश कोणत्या बाजूचा हा प्रश्न पडत नाही.

ड्रममधल्या काळ्या भुकटीबद्दल मात्र विशेष सांगायचे आहे. लायनरमध्ये पूर्वी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत आणि स्वस्तातल्या मालात आजही ते असू शकते. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर कर्करोगासारखे आजार कितीतरी वर्षांनी डोके वर काढतात. म्हणून भुकटीवर फुंकर मारू नये, हवेच्या नळीने ती उडवू नये. ओल्या कापडाने पुसून घ्यावी आणि ते कापड पिशवीत बांधून टाकावे. नाकाला नुसता रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. लहान मुलांना जवळ बसवू नये. नवे शू घेताना पाकिटावर ते ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे छापले आहे का, ते पाहावे.

हत्यारे आम्ही मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणली. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही ती मिळतात. मी पर्समध्ये मापाचा एक नट घेऊन गेले होते. प्रत्येक पाना त्या नटावर बसवून पाहिला. जो डुलला तो परत ठेवला. दुकानदार हसला, पण त्याने मुकाट्याने दुसरा पाना काढून दिला. जुन्या बाजारातला पानाही वाईट नसतो. त्याची रिंग झिजलेली किंवा तडा गेलेली नसावी, एवढेच.

हिशेब सांगते. पाने, पक्कड आणि बाकीचे किडूकमिडूक मिळून आम्हाला १,१५० रुपये लागले. एका वेळची मजुरी २०० धरली तर हा खर्च फिटायला सहा वेळा काम करावे लागेल, म्हणजे साडेतीन-चार वर्षे. तेव्हा पैसे वाचवण्यासाठी हे करा, असे मी म्हणणार नाही. आमची खरी मिळकत वेगळी आहे. मुलाला आता ब्रेक कळतो. आर्मवरचा बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत आला की लायनर संपले, हे तो दर रविवारी बघतो. पेडलची ढील पुस्तिकेप्रमाणे, आमच्या गाडीला २० ते ३० मिलिमीटर, तो पट्टीने मोजतो. काम झाल्यावर गाडी आधी गल्लीत हाताने ढकलून, मग हळू चालवून ब्रेक तपासतो. पिनेवर दोघांनीही बोट ठेवून पाहिल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही.

भाऊजींचे म्हणणेही आम्ही सोडलेले नाही. घरी कुठे थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवले आहे. ड्रमला आतून खोल चरे किंवा तडा दिसला, ॲक्सलचे आटे गेलेले असले, तर गाडी जाणत्या मेकॅनिककडे जाते. डिस्क ब्रेक आणि एबीएसच्या गाडीला आम्ही हात लावत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असणे किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले. जोडलेल्या ब्रेकमध्ये मागचे पेडल दाबले की पुढचाही ब्रेक लागतो. अशा गाडीची जुळवणी पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच करावी लागते.

आमची हत्यारांची पेटी आता शेजारीपाजारी जाते. कोणी काय नेले, ते वहीत लिहून ठेवते. मागच्या महिन्यात समोरच्या घरातली नर्सिंगला जाणारी मुलगी तिच्या वडिलांची गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, पाना नको, शिकवा." वडील बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. तिने चाक काढले, शू बसवले, पिन वाकवली. मी फक्त कंदिलासारखी टॉर्च धरून बसले होते. ज्यांच्या घरात दुचाकी आहे त्यांनी पुढच्या पगाराला निदान मापाचा एक रिंग पाना आणि पिनांची पुडी तरी घ्यावी, आणि घरातल्या मुलामुलींना दोन्हींचा उपयोग दाखवावा.