भंडारदऱ्याला कधी जायचं?

भंडारदऱ्याला जायचं, हे आमच्या घरात चटकन ठरलं. कधी जायचं, यावर मात्र अजून खल चालू आहे. खरं सांगायचं तर मला त्याची काही घाई नाही. बेत शिजत असतो तोवर पाय दुखत नाहीत, घाटात कुणाला गाडी लागत नाही आणि डोंगरही आपण म्हणू तेवढाच उंच असतो.

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा दर ऋतूत निराळाच मुलूख होऊन बसतो, तिथं सगळी पंचाईत आहे. मुलीला काजवे बघायचेत. म्हणजे मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. वळवाच्या सरी पडून गेलेल्या असाव्यात आणि खरा पाऊस अजून लागलेला नसावा, अशा बेचक्यात जायचं. पावसानं जोर धरला की काजव्यांचा खेळ आटोपतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी गोळा होतात आणि एका तालात उजळतात, विझतात. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड लखलखतं, क्षणभर काळोखात बुडतं, तोवर पलीकडचं पेटलेलं असतं. हा सगळा नर-मादीचा एकमेकांना धाडलेला सांगावा. त्यात मोटारीचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घुसल्या की सांगावा पोचणार कसा? शनिवार-रविवारी तर रस्त्यानं गाड्यांचीच रांग लागते. म्हणून मी अट घातली आहे : जायचं तर मधल्या वारी, आणि अंधार पडला की फोन पिशवीत. ‘मग फोटो?’ असा प्रश्न आला. फोटोत काजवा म्हणजे नुसता पिवळा ठिपका, हे तिला पटलेलं नाही.

आमच्या ह्यांचा डोळा कळसूबाईवर. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट निघते, अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत, माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ. नवरात्रात आसपासच्या गावांतली म्हातारी माणसंसुद्धा दर्शनाला वर जातात. ह्यांना मात्र देवीपेक्षा आकड्याचं आकर्षण जास्त, असा माझा वहीम आहे. पावसाळ्यात वर पोचल्यावर ढगाखेरीज काही दिसत नाही, असं मी सांगून पाहिलं. ‘पण सगळ्यांत उंचावरचा ढग!’ हे त्यावरचं उत्तर.

सासूबाईंना चढायचं नाही. त्यांना कौलारू पडवीत बसून पाऊस बघायचाय. त्यासाठी घाटघरसारखी जागा नाही. कोकणातून वर आलेला ढग कड्याला अडतो आणि तिथंच रिता होतो. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात तिला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पावसाचा पक्षपात तोच राहिला. त्याच जिल्ह्यात पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. इंग्रजांनी 1910 साली भंडारदऱ्याला प्रवरेवर बांध घालायला घेतला आणि 1926 साली पुरा केला, तो अशाच कोरड्या खालच्या मुलखाला पाणी द्यायला. आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणून खोलीचं भाडं जास्त मोजतो, तो खालच्या उसाचा साठा आहे. पुढचा रंधा धबधबाही पुष्कळसा धरणातून पाणी किती सोडलं त्यावरच कोसळायचं की ठिबकायचं ते ठरवतो.

माझं मन रतनवाडीत. शेंडीहून जलाशयाच्या कडेकडेनं रस्ता जातो. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी. देवळाच्या दगडावर इतकी नक्षी आहे की बोट टेकवायला सपाट जागा शोधावी लागते. प्रवरा इथंच रतनगडावर उगम पावते. देऊळ बघायला अर्धा तास पुरतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना बरोबर नेत नाही, इतकंच.

मुक्कामासाठी त्या बाजूच्या एका घराचा नंबर मिळाला होता, तिथं फोन लावला. जुलैचा एखादा आठवडा जमेल का, म्हणून विचारलं.

“या ना ताई,” पलीकडच्या मावशी म्हणाल्या, “पण आवणीत नका येऊ. आम्ही दिवसभर चिखलात. तुम्हाला भाकर कोण करून घालणार?”

आम्ही इतके दिवस शाळेच्या सुट्ट्या, रजा, रेल्वेची तिकिटं सगळं जुळवत बसलो होतो. ज्यांच्या घरी उतरायचं त्यांचा हंगाम कुणाच्या हिशेबातच नव्हता. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवरी पसरून राब भाजायचे. त्या भाजल्या जागेत भाताची रोपं वाढवायची. पाऊस लागला की वाकून वाकून आवणी, आणि दिवाळीच्या आगेमागे सोंगणी, झोडणी. हिरव्या खाचरांचे फोटो काढायला शहर लोटतं, नेमकी तेव्हाच या माणसांना मान वर करायला उसंत नसते. त्या फोटोतली हिरवाई म्हणजे त्यांच्या कमरेचं दुखणं आहे. धबधब्याखाली नाचून परतताना बांध तुडवत जाणारे बघितले की मला भलताच संताप येतो, असो.

“मग येऊ तरी कधी?”

“दिवाळी झाली की या. कामं उरकलेली असतात, आभाळ मोकळं असतं. नवा भात घरात आलेला असतो.”

तांदळाचं नाव निघाल्यावर सासूबाई पडवी विसरल्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाचं कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. काळभात, जिरवेल ही नावं त्या नातेवाइकांची घ्यावीत तशी घेतात. पण त्यांना शंका आली. “नव्या तांदळाचा भात गोळा होतो. जुना आहे का विचार.”

मी विचारलं. मावशी खळखळून हसल्या. “आहे ना घरापुरता. पण तो इथंच बसून खायचा. पिशवीत बांधून मिळायचा नाही!”

फोन ठेवायच्या आत सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं नोव्हेंबरपर्यंत उलटली होती. “काय गं,” त्या म्हणाल्या, “इगतपुरीला सकाळची कुठली गाडी थांबते?”